मिरजेतील एका शस्त्रक्रिया विभागाविषयी: पित्ताशय, अंतर्गळ आणि मूळव्याध

मिरजेला दवाखान्यांची वाण कधीच नव्हती. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन रुग्णालय सुरू केले आणि त्यानंतर हे गाव सतारींच्या जोडीने शस्त्रक्रियांसाठीही ओळखले जाऊ लागले. आजही सकाळच्या गाड्यांतून उतरणाऱ्यांत अथणी, जमखंडी, रायबाग, विजापूरकडून एक्स-रेची पाकिटे काखेत घेऊन आलेली माणसे बरीच असतात. अशा गावात चांगला सर्जन कोण, या प्रश्नाचे उत्तर रिक्षावाल्यापासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सर्वांकडे तयार असते. मात्र चांगला म्हणजे काय, हे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच येते: तिथे दुर्बिणीतून करतात, दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात.

गेल्या काही वर्षांत माझ्या नणंदेचे पित्ताशय, माझ्या यजमानांचा अंतर्गळ (हर्निया) आणि धाकट्या दिरांची मूळव्याध या तीन निमित्तांनी आम्हाला मिरजेतील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाशी जवळून संबंध आला. रुग्णालयाचे नाव मी लिहिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्यांची दुसरी बाजू मी ऐकलेली नाही. या विभागाची खरी किंमत त्याच्या दुर्बिणीपेक्षा निवडीत आहे, असे माझे मत झाले. कोणाचे पोट उघडायचे, कोणाचे छिद्रांतून करायचे आणि कोणाला हातच लावायचा नाही, हे येथे रुग्णागणिक ठरते.

नणंदेचे दुखणे नमुनेदार होते. लग्नाकार्यातले जेवण झाले की रात्री उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीकडे सरकायची आणि दोन-तीन तासांनी ओसरायची. त्या काळात तिने आम्लपित्ताच्या गोळ्या बऱ्याच घेतल्या. शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक खडे आणि किंचित जाड झालेली भिंत दिसली. दुसऱ्या एका ठिकाणी अहवाल पाहताक्षणी परवाची तारीख मिळाली होती. या विभागातील सर्जनांनी मात्र आधी रक्ताच्या तपासण्या मागवल्या आणि यकृताशी संबंधित आकडे वाढलेले दिसताच शस्त्रक्रिया थांबवून एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांची एमआरआय तपासणी, करायला सांगितली. त्या खर्चाने नणंदेचे यजमान काहीसे नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मला अनाठायी वाटली नाही, कारण या तपासणीची गरज पहिल्या भेटीत कोणी नीट समजावली नव्हती. समजावले ते दुसऱ्या भेटीत, तेही चिठ्ठीच्या मागच्या बाजूवर चित्र काढून. यकृतातून उतरणारी मुख्य पित्तनलिका, तिला बाजूने जोडलेली पित्ताशयाची पिशवी आणि त्या पिशवीची बारीक नळी असे ते चित्र होते. एखादा खडा घरंगळत मुख्य नलिकेत जाऊन बसला असेल, तर नुसते पित्ताशय काढून भागत नाही. तो खडा आधी तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीने, म्हणजे ईआरसीपी करून, काढावा लागतो. तो राहिला तर शस्त्रक्रियेनंतर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. नणंदेची नलिका मोकळी निघाली.

खडे तेवढे काढून पित्ताशय का ठेवत नाहीत, हा प्रश्न आमच्याप्रमाणे बहुतेक नातेवाइकांना पडतो. ज्या पिशवीत खडे झाले तीत ते पुन्हा होतात, म्हणून संपूर्ण पिशवीच काढतात. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले ते याच विचाराने. बदलला तो मार्ग. जर्मनीत एरिश म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले आणि पाच वर्षांत, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेम्टन उडवाडिया यांनी भारतात ती शस्त्रक्रिया केली. म्हणजे ज्या गोष्टीची आजही आपल्याकडे 'अत्याधुनिक' म्हणून फलकावर जाहिरात होते, तिला महाराष्ट्रात तीन दशके उलटून गेली आहेत. नुसती दुर्बीण असणे हे आता कोणत्याही रुग्णालयाचे वेगळेपण राहिलेले नाही.

संमतिपत्राच्या वेळी जे झाले त्याला मी या विभागाचे सर्वांत जास्त गुण देईन. पित्ताशयाच्या मानेजवळ सूज किंवा चिकटलेले भाग असले, तर कोणती नळी पिशवीची आणि कोणती मुख्य, हे ओळखणे कठीण होते. मुख्य नलिकेला इजा होण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हजारात साधारण तीन ते पाच एवढे सांगतात, पण ज्याला ती होते त्याची पुढची वर्षे दवाखान्यात जातात. म्हणून पिशवीत जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, तिची नळी आणि तिची रक्तवाहिनी, पडद्यावर स्वच्छ वेगळ्या दिसल्याखेरीज क्लिप लावायची नाही, आणि त्या दिसल्याच नाहीत तर पोटाला चीर देऊन पुढे जायचे किंवा पित्ताशयाचा काही भाग ठेवून थांबायचे, असे सर्जनांनी स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "चीर द्यावी लागली तर माझं काही चुकलं असं समजू नका, चीर द्यायला हवी असताना मी दिली नाही, तर चुकलं असं समजा." हे वाक्य शस्त्रक्रियेच्या आधी ऐकायला मिळाले, याला महत्त्व आहे. नंतर ऐकले असते तर ते सबबीसारखे वाटले असते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया चार छिद्रांतून झाली. बेंबीजवळच्या छिद्रातून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि काम झाल्यावर तो वायू सोडून देतात, पण थोडा मागे राहतोच. श्वासपटलाला त्याचा त्रास झाला की दुखते ते खांद्यात. हे आधी सांगितलेले असल्यामुळे रात्री खांदा दुखू लागला तेव्हा नणंद हृदयविकाराच्या भीतीने घाबरली नाही. सिस्टरनी तिला उठवून वॉर्डात फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि तिसऱ्या दिवशी घर. आता तूप कायमचे बंद, असे शेजारणींनी जाहीर केले होते, पण आहारपत्रिकेत तसे काही नव्हते. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात ते फक्त साठते. साठवण गेली की ते थेट आतड्यात उतरत राहते. काहींना सुरुवातीला पातळ शौचास होते, म्हणून काही आठवडे तेलकट बेताने खायचे, एवढेच पथ्य होते.

काढलेले खडे छोट्या बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देण्याचा एक सोहळा आपल्याकडे सर्वत्र असतो, तसा तो येथेही झाला, आणि त्या बाटलीचे दर्शन घ्यायला आमच्या घरी पाहुणे येऊन गेले. खरे महत्त्व काढलेल्या पिशवीला असते. ती विकृतिशास्त्र तपासणीसाठी पाठवली का आणि तिचा अहवाल आला का, हे सहसा कोणी विचारत नाही. पित्ताशयाचा कर्करोग काही वेळा याच तपासणीत पहिल्यांदा उघड होतो. या विभागाने पिशवी पाठवली होती, टाके दाखवायला गेलो तेव्हा अहवाल फायलीत होता आणि जुनी सूज याखेरीज त्यात काही नाही, हे वाचून दाखवण्यात आले.

याच धावपळीत माझ्या सासूबाईंच्या सोनोग्राफीत, वेगळ्याच कारणासाठी केलेल्या, पित्ताशयात एक खडा दिसला. घरात आता त्याचाही सराव झाला होता, म्हणून आम्ही तो अहवालही त्याच सर्जनांपुढे ठेवला. कधी दुखले नाही, कावीळ नाही, खडा फार मोठा नाही, पिशवीची भिंत चांगली आहे. तेव्हा काही करायचे नाही, असे उत्तर मिळाले. ज्यांना खड्यांचा त्रास होत नाही अशा बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, हा सर्वमान्य नियम आहे. पण अहवालात खडा दिसताच वय वाढेल, मधुमेह होईल, मग अवघड जाईल, अशा भीतीने माणसाला टेबलावर नेणारे थोडे नाहीत.

यजमानांच्या बाबतीत ही पारख आणखी स्पष्ट दिसली. उजव्या जांघेत फुगवटा, उभे राहिले किंवा खोकले की बाहेर येणारा आणि आडवे झाले की आत जाणारा. त्यांचे अर्धे आयुष्य सूतगिरणीत गेलेले आहे आणि खोकला हा त्यांचा जुना सोबती आहे. दुर्बिणीतूनच करायचे, असे ते घरून ठरवून निघाले होते. सर्जनांनी फुगवटा पाहण्याआधी खोकला, लघवीची धार आणि बद्धकोष्ठ या तीन गोष्टी विचारल्या, कारण पोटावर जोर पडण्याचे कारण तसेच राहिले तर दुरुस्तीवरही तोच जोर येतो. मग छातीच्या डॉक्टरांचे औषध सुरू झाले, आणि भूलतज्ज्ञांनी तपासल्यावर दुर्बिणीचा बेत रद्द झाला. दुर्बिणीने अंतर्गळ दुरुस्त करायला सहसा पूर्ण भूल द्यावी लागते. चिरेतून जाळी (कमकुवत जागेला आधार देणारी, मेश) बसवण्याचे काम कमरेखालच्या भुलीत, काही वेळा नुसती जागा बधिर करूनही होते. अंतर्गळ दोन्ही बाजूंना असेल किंवा आधी चिरेतून दुरुस्त केलेला पुन्हा उद्भवला असेल तर दुर्बिणीचा फायदा जास्त. एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला आणि फुप्फुसे अशी, तर चीर बरी, असा हिशेब त्यांनी मांडला. दुर्बिणीचे बिल चिरेच्या बिलापेक्षा बरेच मोठे असते, हे फलकावर लिहिलेले होते. रुग्ण स्वतः मोठे बिल मागत असताना त्याला लहान बिलाकडे वळवणारे रुग्णालय मी तरी यापूर्वी पाहिलेले नव्हते.

जाळी कोणती, तिची किंमत किती, हे आधी दाखवले आणि तिच्या वेष्टनावरची चिठ्ठी फायलीत चिकटवली. शस्त्रक्रियेच्या सकाळी मांडीवर पेनाने बाणाची खूण केली, तीही यजमानांकडून बाजू वदवून घेऊन. या सगळ्यात शिस्त होती.

तक्रारी येथूनच सुरू होतात. रात्री बारापासून पाण्याचा थेंबही नको, ही सूचना सरसकट सर्वांना दिली जाते. भुलीच्या आधी घन आहार सहा तास आणि साधे पाणी दोन तास बंद ठेवणे पुरते, ही गोष्ट आता भूलशास्त्रात रूढ झाली आहे. यजमानांचा क्रमांक आणीबाणीच्या एका रुग्णामुळे दुपारवर गेला आणि तोवर त्यांची जीभ कोरडी पडली होती. दोन वेळा विचारूनही "ओटीतून (शस्त्रक्रियागृहातून) निरोप आला नाही" यापलीकडे उत्तर मिळाले नाही. कमरेच्या भुलीनंतर वयस्क पुरुषांची लघवी अडू शकते, हे कोणी सांगितले नव्हते. रात्री ती अडली, नळी घालावी लागली, आणि सकाळी तो प्रकार 'नेहमीचाच' असल्याचे कळले. नेहमीचाच असेल तर तो संमतिपत्राच्या वेळीच सांगायला हवा होता. वृषणाभोवतीचा निळसर सुजवटाही असाच न सांगितलेला. वजन कधीपासून उचलायचे, याविषयी छापील कागदावर तीन महिने, निवासी डॉक्टरांच्या तोंडी सहा आठवडे आणि सर्जनांच्या मते दुखले नाही तर त्याहूनही आधी, अशी तीन उत्तरे मिळाली. एका विभागाने एका प्रश्नाला एकच उत्तर द्यावे, ही अपेक्षा फार नाही. एक सूचना मात्र सर्वांनी एकसारखी दिली होती आणि ती शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी: फुगवटा आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे, कारण अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

दिरांची गोष्ट त्या मानाने लहान आहे, पण त्यांना ती अजूनही पटलेली नाही. सांगली-मिरज रस्त्यावर भिंतीभिंतींवर 'विना चिरा, विना टाके, लेझरने मूळव्याध' असे रंगवलेले असते. ते वाचून दीर लेझरची तयारी करून गेले आणि इसबगोल घेऊन परत आले. मूळव्याधीच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या दोन पायऱ्यांत कोंब एकतर बाहेर येत नाही किंवा आपोआप आत जातो, आणि तेथे चोथायुक्त आहार, भरपूर पाणी, कोमट पाण्यात बसणे आणि कुंथणे टाळणे यांवर बऱ्याच जणांचे भागते. नाहीच भागले तर बाह्यरुग्ण विभागात रबराचे छोटे कडे बसवतात. दिरांची पायरी दुसरी होती. पण त्यांचे वय पन्नाशीपुढचे आणि रक्त पडत असलेले, म्हणून मूळव्याध डोळ्यांना दिसत असूनही मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी आधी करून घेतली गेली. रक्त मूळव्याधीचेच आहे असे गृहीत धरल्याने आतड्याचा कर्करोग मागे राहून जातो, आणि ही घाई भिंतीवरच्या जाहिरातींत हटकून असते. तपासणी निर्दोष आली. शौचालयात मोबाइल न्यायचा नाही, ही सूचना दिरांना इसबगोलापेक्षा कडू लागली. रक्त पडणे काही आठवड्यांत थांबले, पण आपल्याला 'टाळले' ही त्यांची भावना कायम आहे.

या तपासणीच्या खोलीविषयी मात्र मी नाराज आहे. शरीराच्या अशा भागाची तपासणी जेथे होते तेथे दाराला कडी नाही, मध्ये फक्त पडदा आहे आणि फायली घेऊन येणारे कर्मचारी तो बिनदिक्कत सारतात. स्त्री सर्जन आठवड्यातील ठरावीक दिवशीच असतात, हे फोनवर सांगितले जात नाही. मूळव्याध, भगंदर, फिशर ही दुखणी बायका आधीच वर्षानुवर्षे लपवून ठेवतात; त्यांना या खोलीत दुसऱ्यांदा यावेसे वाटणार नाही.

अपेंडिक्सचा प्रसंग आमच्यावर आलेला नाही, त्यामुळे रात्री-अपरात्री हा विभाग कसा चालतो ते मी सांगू शकत नाही. वॉर्डातील मावशी आणि सिस्टर यांच्याविषयी बोट ठेवायला जागा नाही. निम्म्याजणी कन्नड आणि मराठी सारख्याच सफाईने बोलतात, आणि सीमाभागातून आलेल्या रुग्णांचा अर्धा घोर त्यानेच जातो.

पैशांविषयी. रुग्णालयांनी दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावावी, असे महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांत आहे. येथे दोन्ही आहेत, पण दरफलक इंग्रजीत आणि रोखपालाच्या खिडकीच्या आतल्या अंगाला आहे. अंदाजपत्रक लेखी मिळाले आणि अंतिम बिल त्याच्या जवळपास राहिले. विम्याचा अनुभव वेगळा. पित्ताशयातील खडे आणि अंतर्गळ यांना बहुतेक पॉलिसींत सुरुवातीची दोन वर्षे संरक्षण नसते, हे नव्याने विमा घेणाऱ्यांनी पाहून ठेवावे. आमची मुदत उलटली होती, तरी हातमोजे आणि तत्सम किरकोळ साहित्य मंजुरीतून वगळले गेले. खोलीच्या भाड्याला पॉलिसीत मर्यादा असेल आणि वरच्या दर्जाची खोली घेतली, तर केवळ भाड्यातला फरक कापला जात नाही, सर्जनांच्या शुल्कापासून बऱ्याच रकमा त्या प्रमाणात घटवल्या जातात. हे प्रवेशाच्या खिडकीवर सांगण्याची पद्धत या रुग्णालयात नाही, आम्हाला ते एका दुसऱ्या रुग्णाच्या मुलाने सांगितले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष तळमजल्यावर आहे. योजनेतील काही शस्त्रक्रिया केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असल्याने आपली शस्त्रक्रिया तीत बसते का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला, तारीख घेण्यापूर्वी विचारावे. बसत नसेल तर १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच गावात आहे.

डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तासांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असे विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावले आहे. नणंदेच्या वेळी सकाळच्या फेरीत "घरी जा" म्हटल्यावर संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत आम्ही बसून होतो. चौकशी करता कळले की विमा कंपनीकडे कागद दुपारीच पोचले, कारण डिस्चार्जचा सारांश लिहिणारे निवासी डॉक्टर तोवर थिएटरमध्ये होते. यजमानांच्या वेळी मी आदल्या संध्याकाळीच वॉर्डच्या मुख्य सिस्टरना सांगून सारांशाचा मसुदा तयार करून घेतला, आणि आम्ही दुपारच्या जेवणाला घरी होतो. या विभागात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी हे नक्की करावे, आणि सोमवार टाळता येत असेल तर टाळावा. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात कर्नाटकातून येणाऱ्यांची एवढी गर्दी असते की सर्जनांना चित्र काढून समजावायला सवड मिळत नाही.